सुट्टीत घरी जावे ते पायी

उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणजे इंदूरहून मानपूरला जाणारी मोटार आम्हांस दोन तासांच्या आत घरी पोहोचविते. ही सोय मोठी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु गेल्या वैशाखात आम्ही चौघे सोबती जानापावच्या फाट्याशी उतरलो आणि उरलेली वाट पायी चाललो, तेव्हापासून आमचे असे मत झाले आहे की, ज्याने आपले गाव केवळ मोटारीतून गाठले त्याने ते पुरते पाहिलेच नाही.

आग्रा-मुंबई रस्ता आता चौपदरी झाला आहे. मोटारीत बसलेल्यास विंध्याचा माथा कोठे आला हेही कळत नाही. चालणाऱ्याच्या पोटऱ्यांस मात्र तो बरोबर कळतो. जानापावचा डोंगर सुमारे ८५० मीटर उंच. चंबळेचा उगम येथलाच. तिचे व गंभीरेचे पाणी उत्तरेस जाऊन यमुना-गंगांच्या वाटेने बंगालच्या उपसागरास मिळते. कारम आणि अजनार दक्षिणेस उतरून नर्मदेत शिरतात व त्यांचे पाणी अरबी समुद्रास जाते. 'जलविभाजक' हा शब्द आम्ही पाठ केला होता, परीक्षेत त्याचे गुणही मिळविले होते. त्या दिवशी ओढे कोरडे होते; पण त्यांतील दगडगोट्यांचा ओघ कोणीकडे गेला आहे हे पाहता पाहता त्या शब्दाचा अर्थ प्रथमच ध्यानी आला.

वडीलधारी मंडळी म्हणतील, ऊन बाधेल. खरे आहे, म्हणूनच आम्ही उन्हे कलल्यावर निघालो आणि हमरस्ता सोडून शेतांच्या कडेची पायवाट धरली. मोहाची फुले चैत्रातच सरली होती, सालई निष्पर्ण उभी होती, पण बहावा पिवळ्या घोसांनी लहडला होता. डोक्यावर जळणाच्या मोळ्या घेतलेल्या भिल्ल बाया समोरून आल्या. ज्यांस ही वाट पोटासाठी रोज तुडवावी लागते, त्यांच्यादेखत 'निसर्गाचा आनंद' हे शब्द उच्चारण्याचा आम्हांस संकोच वाटला, आणि काही काळ आम्ही मुकाट्याने चाललो.

तिन्हीसांजेला पावशा ओरडू लागला. आम्हां मराठी घरच्या मुलांस तो 'पेरते व्हा' म्हणतो. आमच्या हिंदी भाषक सोबत्याने मात्र छातीठोकपणे सांगितले की तो 'पी कहाँ' असेच विचारतो. पक्षी एकच, परंतु वाद गावाच्या वेशीपर्यंत पुरला. तोवर घाटाकडून गार वारा सुटला होता. मालव्याची रात्र उगीच नावाजलेली नाही.

आता आषाढात पुन्हा त्याच वाटेने जाऊन पहिले पाणी कोणत्या दगडापाशी दोहीकडे फुटते ते पाहावयाचे आहे. भूगोलाचे गुरुजी येण्यास कबूल झाले आहेत. मात्र परतीस मोटार हवी, अशी त्यांची अट आहे.