आलिम आणि मुअल्लिम: पिर्लोच्या निमित्ताने

"एवढा मोठा खेळाडू, पण कोच म्हणून साफ फ्लॉप!" आंद्रेआ पिर्लोचं नाव निघालं की हे वाक्य ठरलेलं. परवा आमच्या स्टाफरूममध्ये ते पुन्हा ऐकलं. बोलणारे गृहस्थ स्वतः शिक्षक, त्यामुळे मला जरा जास्तच लागलं. तिथे तास सुरू व्हायची घंटा झाली आणि वाद अर्धवट राहिला. तो इथे पूर्ण करतो.

माझं म्हणणं सरळ आहे. पिर्लो नापास झाला असं म्हणणाऱ्यांनी आधी त्याला परीक्षेला कुणी आणि कसं बसवलं ते पाहावं. नापास झालीच असेल तर ती त्याला नेमणाऱ्यांची समजूत. 'ज्याला येतं त्याला शिकवताही येतं' ही ती समजूत. ती इटलीत जेवढी आहे तेवढीच आपल्याकडेही आहे, आणि तिची किंमत आपली मुलं मोजत आहेत.

आधी पिर्लोला काय येत होतं ते सांगतो, कारण त्याबद्दल वाद नाही. 1979 साली ब्रेशाजवळच्या फ्लेरो गावी जन्म. सोळाव्या वर्षी ब्रेशाकडून इटलीच्या पहिल्या श्रेणीत पदार्पण. पुढे मिलानकडून 2003 आणि 2007 ची चॅम्पियन्स लीग. 2006 च्या विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत जर्मनीविरुद्ध 119 व्या मिनिटाला फाबिओ ग्रोसोला दिलेला तो पास, आणि अंतिम सामन्यात सामनावीराचा मान. 2011 मध्ये मिलानने त्याला जाऊ दिलं, तर युव्हेंटसमध्ये येऊन सलग चार वेळा लीग जिंकली. मैदानाच्या मध्यावर उभं राहून पुढच्या दोन चाली आधीच दिसणारा असा माणूस त्या पिढीत क्वचितच होता.

पण या गुणी मुलालाही एका शिक्षकानेच जागा दाखवली होती, हे आपण विसरतो. पिर्लो सुरुवातीला आक्रमणाच्या अगदी मागे, दहा नंबरच्या जागेवर खेळायचा. इंटरमध्ये तो रुळला नाही. 2001 मध्ये उसना म्हणून ब्रेशाला परत आला, तेव्हा ती जागा रोबेर्तो बाज्जोची होती. प्रशिक्षक कार्लो मात्सोने यांनी त्याला मागे, बचावफळीच्या पुढ्यात उभं केलं. तिथून त्याने युव्हेंटसविरुद्ध बाज्जोला दिलेला लांब पास आणि त्यावरचा गोल लोक आजही काढून बघतात. नंतर मिलानमध्ये कार्लो अँचेलॉटींनी तीच जागा त्याची कायमची केली. मुलगा हुशार आहे पण चुकीच्या बाकावर बसला आहे, हे ओळखणं म्हणजे शिक्षकी.

अँचेलॉटी स्वतःही मिडफिल्डर होते. रोमा आणि मिलानकडून खेळले, 1992 मध्ये थांबले. लगेच मोठा संघ मिळाला का? नाही. आधी राष्ट्रीय संघात आरिगो साक्कींचे सहायक झाले. 1994 चा विश्वचषक त्यांनी सहायकाच्या खुर्चीवरून पाहिला. मग दुसऱ्या श्रेणीतलं रेज्जाना, मग पार्मा. पार्मात त्यांनी मोठी चूक केली. 4-4-2 च्या साच्यात बसत नाही म्हणून बाज्जोला संघात घ्यायला नकार दिला. पुढे याबद्दल त्यांनी स्वतःच जाहीर खंत व्यक्त केली. पण पार्मात चुकलेला हा माणूस मिलानला आला तेव्हा साचा खेळाडूंसाठी बदलायला शिकलेला होता. म्हणूनच पिर्लोला जागा मिळाली. प्रशिक्षक म्हणून पाच चॅम्पियन्स लीग जिंकणाऱ्या माणसालाही चुकण्यासाठी आधी एक लहान वर्ग लागला.

आता पिर्लोला काय मिळालं ते पाहा. 30 जुलै 2020 ला युव्हेंटसने त्याला 23 वर्षांखालील संघाचा प्रशिक्षक नेमलं. हे योग्यच होतं. 7 ऑगस्टला मुख्य संघ ल्योंविरुद्ध चॅम्पियन्स लीगमधून बाहेर पडला. 8 ऑगस्टला मुख्य प्रशिक्षक मौरिझिओ सारी यांना काढलं आणि त्याच दिवशी ती जागा पिर्लोला दिली. मधे नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत एकही सामना नाही. प्रशिक्षकाची सर्वोच्च पदवी, युएफा प्रो परवाना, त्याला मिळाला सप्टेंबरमध्ये, म्हणजे नेमणुकीनंतर! त्यासाठी त्याने लिहिलेल्या प्रबंधाचं नाव होतं 'मला हवा असलेला फुटबॉल'. कल्पना होत्याच. पण कल्पना कागदावर असणं आणि त्या पंचवीस जणांच्या पायात उतरवणं यांच्या मधे सराव असतो, आणि नेमका तोच त्याला मिळाला नाही. त्यातच कोविडमुळे आधीचा हंगाम ऑगस्टपर्यंत लांबलेला. तयारीला जेमतेम काही आठवडे.

आणि काढलं कुणाला? सारींना. हा माणूस व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. बँकेत नोकरी करत 1990 पासून तोस्कानातल्या हौशी संघांना शिकवत होता. एकेक पायरी चढत एम्पोली, नापोली, चेल्सी करत युव्हेंटसला आला आणि पहिल्याच हंगामात लीग जिंकून दिली. तीस वर्षं शिकवलेल्या माणसाच्या जागी कधीच न शिकवलेला माणूस आणला. कारण दुसरा नावाचा उस्ताद होता.

निकाल सगळ्यांना माहीत आहे. सलग नऊ वर्षं लीग जिंकलेला युव्हेंटस चौथा आला, तेही शेवटच्या दिवशी नापोलीचा सामना बरोबरीत सुटला म्हणून. चॅम्पियन्स लीगमध्ये दहा खेळाडूंवर आलेल्या पोर्तोनेही त्यांना बाहेर काढलं. त्या वर्षी खालच्या श्रेणीत घसरलेल्या बेनेव्हेंतोने तोरिनोत येऊन हरवलं. त्याही परिस्थितीत पिर्लोने सुपर कप आणि इटालियन कप जिंकला, हे त्याचे टीकाकार सांगत नाहीत. मे 2021 संपायच्या आत त्याला घरी पाठवलं. मग तुर्कस्तानात कारागुमरुक, मग इटलीच्या दुसऱ्या श्रेणीतलं साम्पदोरिया. तिथे 2024 मध्ये हंगामाच्या पहिल्या तीन सामन्यांनंतरच नारळ. पहिल्या वर्षी बसलेला शिक्का अजून पुसला गेलेला नाही.

त्या वर्षी लीग कुणी जिंकली? इंटरने. त्यांचे प्रशिक्षक अंतोनियो कॉन्ते, तेही जुने मिडफिल्डर आणि युव्हेंटसचे माजी कर्णधार. युव्हेंटसची नऊ वर्षांची मालिका 2012 मध्ये सुरू करणारे प्रशिक्षक तेच, आणि तेव्हा त्यांच्या मिडफिल्डमध्ये होता पिर्लो. पण कॉन्तेंची सुरुवात पाहा. सिएनात सहायक. मग आरेत्सो, तिथून हंगामाच्या मधेच हकालपट्टी, पुन्हा बोलावणं, आणि शेवटी संघ खालच्या श्रेणीत. आरेत्सोत नापास झाले म्हणून जगात बोभाटा झाला नाही. त्यांनी बारीला वर आणलं, अतालांतात बिनसलं, सिएनाला वर आणलं आणि मगच युव्हेंटसची पायरी चढले. आरेत्सोतली चूक युव्हेंटसमध्ये झाली असती तर कॉन्तेंनाही आज आपण फ्लॉप म्हणत असतो.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे ग्वार्डिओला आणि झिदान. तेही मिडफिल्डर, त्यांनाही थेट मोठा संघ मिळाला ना? नाही मिळाला. ग्वार्डिओलांनी आधी वर्षभर बार्सिलोनाच्या ब संघाला स्पेनच्या चौथ्या श्रेणीत शिकवलं. झिदान रेआल माद्रिदमध्ये अँचेलॉटींच्या हाताखाली सहायक होते, मग तिथल्या दुसऱ्या संघाचे प्रशिक्षक झाले. युव्हेंटसने या गोष्टीचा शेवट तेवढा वाचला, मधलं पान उलटून टाकलं.

आता मला हे एवढं का लागलं ते सांगतो. बीएड करण्याआधी मी एका उर्दू शाळेत रिकाम्या जागेवर मराठी शिकवायला गेलो होतो. एमए झालो होतो, दोन्ही भाषा उत्तम, त्यामुळे मुख्याध्यापक खूश. सातवीची मुलं सारखी लिहायची, 'माझी पुस्तक'. मी लाल शाईने 'माझे' करायचो, ओरडायचो, दहा वेळा लिहायला लावायचो. पुढच्या निबंधात पुन्हा 'माझी पुस्तक'. माझ्या मते मुलं ढ होती. पुढे बीएडच्या सराव पाठात मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षक बाईंनी टाचणावर एकच ओळ लिहिली: चूक कुठून येते ते विचारा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. उर्दूत किताब स्त्रीलिंगी आहे आणि नपुंसकलिंग मुळातच नाही. मुलं आपल्या भाषेच्या नियमाने अगदी बरोबर चालत होती. मला मराठी येत होतं, पण मराठी न येणं म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. ते शिकण्यासाठी सराव पाठ असतात. त्या सातवीच्या वर्गाचं वर्ष मात्र वाया गेलं. ती मुलं मला आजही रस्त्यात सलाम करतात, आणि मला ओशाळल्यासारखं होतं.

आपल्या बोलीत 'उस्ताद' हा शब्द दोघांसाठी चालतो, कामात निष्णात असलेल्यासाठी आणि शिकवणाऱ्यासाठीही. घोळ तिथेच आहे. पण अरबीतून उर्दूत आलेले दोन वेगळे शब्दही आपल्याकडे आहेत. आलिम म्हणजे जाणणारा. मुअल्लिम म्हणजे शिकवणारा. धातू एकच, इल्मचा. तरी शब्द दोन केले, कारण कामं दोन आहेत. पिर्लो आपल्या खेळाचा आलिम होता. त्याला मुअल्लिम व्हायला वेळ द्यायला हवा होता.

हा फुटबॉलपुरता प्रश्न नाही. आपल्या उर्दू शाळांत मराठीची जागा रिकामी झाली की "मराठी येतं ना, मग बसवा कुणालाही" असं संस्थाचालक म्हणतात, आणि आपण पालक मान डोलावतो. मग तीच मुलं पोलीस भरतीच्या, तलाठ्याच्या परीक्षेत मराठीच्या पेपरला अडतात, आणि आपण म्हणतो, आपल्या मुलांना मराठी जमत नाही. युव्हेंटसचं काय, एक हंगाम गेला, पुढच्या वर्षी दुसरा प्रशिक्षक आला. सातवीचं वर्ष मुलाला दुसऱ्यांदा मिळत नाही.

स्टाफरूममधल्या त्या गृहस्थांना मी आता एवढंच विचारणार आहे: मुख्य संघ हातात देण्याआधी पिर्लोला किती सराव पाठ मिळाले होते? उत्तर आहे शून्य. आणि मग हेही विचारणार आहे, की आपल्या शाळेत या जूनमध्ये जो नवा मुलगा मराठीच्या जागेवर आला, त्याच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन आपल्यापैकी कोण बसलं?