दारे लावा, प्रश्न मिटला!

मुंब्र्याच्या वळणावर ९ जून २०२५ च्या सकाळी दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसे एकमेकांना घासून रुळांवर पडली, चौघे गेले, आणि त्याच दिवशी रेल्वे मंडळाला उपाय सापडला. मुंबईच्या नव्या उपनगरी गाड्यांना यापुढे स्वयंचलित दारे, जुन्यांनाही ती बसवणार. दारातून माणसे पडतात, म्हणून दारच बंद! एवढी सोपी गोष्ट इतकी वर्षे कोणाला सुचली नाही, याचे आश्चर्य वाटावे. दारात लटकणारा हौसेने लटकत नाही, आत पाय ठेवायला जागा नसते म्हणून लटकतो. दार लागले की तो फलाटावर राहील, पुढच्या गाडीच्या गर्दीत भर घालील आणि कचेरीत लेटमार्क खाईल. वातानुकूलित लोकल २०१७ च्या नाताळापासून धावते आहे. गर्दीच्या वेळी तिची दारे लागता लागत नाहीत आणि गाडी फलाटावरच अडून बसते, हे रोजचा प्रवासी सांगेल. त्याला विचारतो कोण? फेऱ्या वाढवायच्या तर रूळ हवेत, रुळांना जागा हवी, पैसा हवा. दाराला त्यातले फारसे काही लागत नाही. उपनगरी मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. त्यातल्या चौघांसाठी मंडळ एका दिवसात हलले, हेच विशेष मानायचे.

अपघात झाला की दुसरा ठेवणीतला शब्दही बाहेर येतो : लोंढे. बाहेरून लोंढे येतात, म्हणून गाड्या भरतात, गटारे तुंबतात, शहर कोलमडते. हे म्हणायला सोपे आणि मते मिळवायला त्याहून सोपे. पण ज्या कल्याण, दिवा, डोंबिवलीतून ही गर्दी निघते, तिथे राहते कोण? दिव्यातल्या चाळींत कोकणातला माणूस भरला आहे. गणपतीला सावंतवाडीची गाडी पकडायला त्याला लांब जावे लागत नाही. डोंबिवलीत गिरगाव-दादरहून उठलेला मध्यमवर्ग आहे, विरार-नालासोपाऱ्यात लालबाग-परळचा. उत्तरेकडून आलेले आहेतच, नाहीत असे कोण म्हणतो? पण लोंढा म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवायचे, त्यातला मोठा हिस्सा मुंबईनेच बाहेर ढकललेला आहे.

आकड्यांवर विश्वास असेल तर २०११ ची जनगणना काढून बघावी. महाराष्ट्राच्या तीन जिल्ह्यांत त्या दहा वर्षांत लोकसंख्या घटली. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. शहर जिल्हा ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आला. ठाणे जिल्हा मात्र, पालघर वेगळा होण्याआधीचा, ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला आणि देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. कोकण रिकामे झाले, गिरणगाव रिकामे झाले, आणि माणसे खाडीपलीकडे जाऊन पडली. नोकऱ्या बव्हंशी होत्या तिथेच, खाडीच्या अलीकडे राहिल्या. गर्दीचे गणित याहून अवघड नाही.

माणसे अशी का गेली, हे सांगायला आयोग नको. १९८२ चा गिरणी कामगारांचा संप झाला, गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे आणि मॉल उभे राहिले. कामगाराच्या पोराला त्या मनोऱ्यात पहारेकऱ्याची नोकरी मिळाली, घर मिळाले ते अंबरनाथला. साठच्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या नगररचनाकारांनी हा धोका ओळखून सांगितले होते की नोकऱ्याच खाडीपलीकडे न्या. १९७० मध्ये सिडको जन्माला आली, नवी मुंबई आखली गेली. सरकारने आपले मंत्रालयच तिकडे हलवावे, ही त्या योजनेतली किल्ली होती. मंत्रालय तसूभर हलले नाही. उलट त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून कचेऱ्यांचे मनोरे उठवले गेले. राज्यकर्त्यांना खिडकीतून समुद्र हवा होता, बाकीच्यांनी लोकलमधून लटकत यावे. पुढे वांद्रे-कुर्ला संकुल झाले, तेही खाडीच्या याच बाजूला.

आता कमाल पाहा. नीती आयोगाच्या साथीने राज्य सरकारने मुंबई महानगर प्रदेशाची अर्थव्यवस्था १४० अब्ज डॉलरवरून २०३० पर्यंत ३०० अब्ज डॉलरवर न्यायचा संकल्प सोडला आहे. दुपटीहून जास्त काम हवे, पण ते करायला माणसे येऊ नयेत, आली तर दिसू नयेत, दिसली तर लोंढे! एका हाताने आमंत्रणपत्रिका वाटायच्या आणि दुसऱ्या हाताने पाहुण्याला शिव्या द्यायच्या, हा आपल्या राज्यकर्त्यांचा जुना शिरस्ता आहे.

पैसा कुठे जातो तेही बघा. हजारो कोटींचा किनारी रस्ता झाला. त्यावर दुचाकीला बंदी आहे, म्हणजे तो कोणासाठी आहे हे वेगळे सांगायला नको. भुयारी मेट्रो धावू लागली, छान झाले. पण ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते डिसेंबर २०१८ मध्ये झाले, तिची एक फेरी २०२५ च्या मध्यापर्यंतही झालेली नव्हती. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २००८ मध्ये मंजूर झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. चौदा वर्षे, काही किलोमीटरसाठी! कळवा-ऐरोली उन्नत मार्ग २०१६ मध्ये मंजूर झाला. तो झाला तर कल्याणहून नवी मुंबईला जाणाऱ्यांना ठाण्याच्या पुलांवर चेंगरायला नको. त्यातले दिघा स्थानक २०२४ मध्ये तेवढे उघडले. मार्ग रुळांलगतच्या झोपड्यांच्या पुनर्वसनात रुतला आहे. मुंब्र्याच्या वळणावर कोण मेले याचा हिशेब करायचा, तर तो या फायलींपासून करावा.

घरांची कथा याहून वाईट. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारती पालिकेच्या बनावट परवानग्यांवर उभ्या राहिल्या, त्यांवर महारेराची नोंदणीही मिळाली, बँकांनी कर्जे दिली, आणि मग उच्च न्यायालयाला त्या पाडायचा आदेश द्यावा लागला. नालासोपाऱ्यात कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव जमिनीवर ४१ इमारती उठल्या, लोक वर्षानुवर्षे राहिले, आणि २०२५ मध्ये त्या जमीनदोस्त झाल्या. इमारत चढताना पालिकेला दिसली नाही? वीजजोडणी देताना कोणाला दिसली नाही? मुंबईचे पाणी तर शहापूरच्या तानसा-भातसातून येते, आणि त्याच शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात, हा आणखी एक अग्रलेख होईल.

अशा वेळी निदान माणसे मोजावीत. २०२१ ची जनगणना करोनाने हुकली हे समजू शकते. त्यानंतर निवडणुका झाल्या, कुंभ झाला, जनगणना तेवढी राहिली. शेवटी १६ जून २०२५ ला अधिसूचना निघाली आणि संदर्भदिन ठरला १ मार्च २०२७. म्हणजे वसई-विरार १२ लाखांचे आहे असे गृहीत धरून तोवर कागद रंगवायचे. विरारच्या फलाटावर सकाळी सातला उभे राहिलेल्याला हा आकडा वाचून दाखवावा.

आणि जाब मागायचा तर कोणाकडे? महानगर प्रदेशात नऊ महापालिका आहेत, वर महानगर विकास प्राधिकरण (एमएमआरडीए), बाजूला सिडको, रेल्वे दिल्लीच्या ताब्यात. वसई-विरार आणि नवी मुंबईत २०२० पासून प्रशासक होते, कल्याण-डोंबिवलीतही त्याच वर्षापासून, मुंबईत २०२२ पासून. नगरसेवक नव्हते, महापौर नव्हते, सर्वोच्च न्यायालयाने कान उपटले म्हणून २०२५ मध्ये चार महिन्यांत निवडणुका घ्यायची भाषा सुरू झाली. निवडणूक येईल तेव्हा दिव्याच्या आणि नालासोपाऱ्याच्या मतदाराने दारात आलेल्या उमेदवाराला एवढेच विचारावे : कळवा-ऐरोलीचा मार्ग कोणत्या महिन्यात सुरू होणार? लोंढ्यांवरचे भाषण नंतर ऐकू.