वामनदादांचे गीत आमच्या व्यासपीठावर

गेल्या स्नेहसंमेलनाच्या वेळी आमच्या वर्गातील काही मुलांनी वामनदादा कर्डक यांचे एक गीत बसविण्याची परवानगी मागितली. त्यावर एका पालकांनी सौम्यपणे विचारले, "मास्तर, हे गाणे आपल्या शाळेत कशाला?" त्या वेळी आम्ही गप्प राहिलो व गीत राहून गेले. हे मौन आम्हांस वर्षभर सलत आहे. म्हणून ते उत्तर आज येथे देतो.

संगमनेर ओलांडून नाशिकच्या वाटेस लागले म्हणजे आपला जिल्हा संपून सिन्नर तालुका लागतो. त्या तालुक्यातील देशवंडी गावी १५ ऑगस्ट १९२२ रोजी वामनदादांचा जन्म झाला. शाळा त्यांच्या वाट्यास आली नाही. मुंबईस अंगमेहनत करून पोट भरीत असता एके दिवशी कोणी त्यांच्या हाती पत्र देऊन ते वाचून दाखविण्यास सांगितले. वाचता येईना! त्या लाजेने त्यांस रडू कोसळले. आणि मिसरूड फुटल्यावर त्यांनी एका शिक्षकाकडे मुळाक्षरे गिरविली, दुकानांच्या पाट्या वाचीत वाचीत ती पक्की केली. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले. पुढे १५ मे २००४ रोजी देह ठेवीपर्यंत डॉ. आंबेडकरांचा विचार गाण्यातून वस्तीवस्तीस पोहोचविणे हेच त्यांचे जीवितकार्य झाले.

ज्या श्रोत्यांस वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, त्यांस हे गाणेच वर्तमानपत्र होते. दिवसभर राबून आलेला माणूस रात्री ढोलकीच्या ठेक्यावर आपल्याच बोलीत आपल्या हक्काची गोष्ट ऐके, आणि सकाळी तीच गुणगुणत कामास जाई. दूर जमैका बेटात गुलामांच्या वंशजांनी रेगे नावाचे संगीत असेच घडविले. बॉब मार्ली, जिमी क्लिफ या गायकांनी ते जगभर नेले, आणि २०१८ साली युनेस्कोने त्यास मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले. आमची मुले मार्लीचे चित्र सदऱ्यावर मिरवितात. देशवंडीचे नाव मात्र त्यांस ठाऊक नसते.

'ते गाणे दुसऱ्या समाजाचे' असे कोणी म्हणेल. परंतु नगरच्या मंडळीने आपला इतिहास आठवावा. कृष्णराव सांगळे यांनी व पुढे रेव्हरंड टिळकांनी कीर्तन व अभंग ख्रिस्ती उपासनेत आणले, ते परक्यांचे म्हणून टाकले नाहीत. आणि स्पष्टच बोलायचे तर, आपल्यापैकी कितीकांचे आजे-पणजे ज्या वेशीबाहेरच्या वस्तीतून मिशनच्या शाळेत आले, तीच वस्ती वामनदादांच्या गाण्यात बोलते. ती ओळख लपविण्याची धडपड त्या प्रश्नामागे होती, असे आम्हांस वाटते. आमच्या मौनामागेही तीच असावी.

यंदा मुख्याध्यापकांनी संमती दिली असून आठवीच्या मुलांची तालीम दर शनिवारी चालू आहे. प्रश्न विचारणाऱ्या पालकांचा मुलगाच मुख्य गायक आहे. शाळेजवळ पेटी आहे, ढोलकी नाही. कोणा पालकांकडे असल्यास त्यांनी ती आठ दिवसांकरिता द्यावी.