सर्पगंधेच्या मुळावर

सर्पगंधा हे गुडघाभर उंचीचे झुडूप. पश्चिम घाटातील दमट रानांत आणि हिमालयाच्या पायथ्याशी ते सावलीत वाढते. लालसर देठांवरची त्याची पांढरी फुले सुंदर असतात, पण त्याचे खरे मोल जमिनीखालच्या वाकड्या, कडू मुळात आहे. बिहारमध्ये या मुळाला ‘पागल की दवा’ म्हणत. बेभान झालेल्या रुग्णाला झोप यावी म्हणून ते दिले जाई. सर्पदंशावरही ते देण्याची प्रथा होती. आज मात्र कोणी त्यावर विसंबू नये. तेथे रुग्णालयातील प्रतिविषच हवे.

१९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळामुळे रक्तदाबही उतरतो, असे लिहिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आपल्या रुग्णांवरील अनुभव मांडला, तेव्हा कोठे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये मुळातील रेसरपिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. ते मज्जातंतूंतील काही रासायनिक द्रव्यांचा साठा रिता करते. म्हणून रक्तदाब उतरतो, मन शांत होते. परंतु काही रुग्णांना त्यामुळे खोल खिन्नता येई. पुढे अधिक सुरक्षित औषधे आली आणि त्याचा वापर फारच घटला. ‘झाडपाल्याचे औषध, त्याने काय अपाय होणार?’ असे म्हणणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

मात्र ही कीर्ती झुडपाच्याच मुळावर आली. पाने खुडली तर झुडूप पुन्हा फुटते. मूळच उपटले तर उरते काय? त्यात त्याचे बी उगवण्याचे प्रमाणही कमी. बेसुमार खोदाईने रानातली सर्पगंधा विरळ झाली आणि १९९० साली तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ कराराच्या नियंत्रणाखाली आला.

केवळ बंदीने हे झुडूप वाचेल, असे मला वाटत नाही. मूळ खोदणाऱ्याच्या घरी चूल त्यावरच पेटत असेल, तर तो खोदणारच. त्याला शेताच्या बांधावर सर्पगंधा लावता यावी, दोन-तीन वर्षांनी मुळे तयार होईपर्यंत हाताला दुसरे काम मिळावे आणि औषध करणाऱ्यांनी लागवडीचीच मुळे घ्यावीत. रानातल्या झुडपांची फळे काळी पडून बी जमिनीवर गळेपर्यंत तरी कुदळ थांबली पाहिजे.