पीक उभे दिसते म्हणून नुकसान नाही?



गारा पडून गेल्या की पंचनामा करणारे येतात. सूर्यफुलाची झाडे उभी, फूल शेंड्यावर. पानांच्या चिंध्या झालेल्या. पण बांधावरूनच शेरा पडतो, ‘पीक उभे आहे, नुकसान किरकोळ.’ आमचे भांडण या शेऱ्याशी आहे.

कपाशीच्या नजरेने सूर्यफूल पाहू नये. कोवळ्या कपाशीची पाने गेली तर ती पुन्हा फुटते, पाते धरते. ज्वारीचा पोंगा मेला तरी फुटवे येतात. सूर्यफुलाला एक खोड, एक फूल. कळी धरली की पानांची संख्या ठरून गेली. आहेत त्यांनीच दाणा भरायचा आणि दाण्यात तेलही.

म्हणून पाने किती गेली एवढेच विचारून भागत नाही. केव्हा गेली, कुठली गेली? रोप लहान असताना गेली तर फटका बसतो, पण पीक बरेचसे सावरते. कळी मोठी झाल्यापासून फुलोरा संपेपर्यंत मात्र झाड पुरते बोडके झाले, तर जवळजवळ सगळे पीक गेले म्हणा. फूल दिसते, आत दाणे पोचट. फुलाची पाठ पिवळी पडल्यावर पाने गेली तर घट थोडी. बुडाची पाने सावलीत असतात. दाणा पोसतात ती मुख्यतः वरची. निम्मी पाने गेली म्हणजे निम्मे पीक गेले, हा हिशेबही त्यामुळे खरा नाही. तो आपणही करू नये.

बुडाची चार पाने अळीने खाल्लेली पाहून आम्हीही घाईने पंप पाठीवर घेतला आहे. केसाळ अळीची पिल्ले आधी एकाच पानावर पुंजक्याने असतात, पानाची जाळी होते. तेव्हाच ती पाने अळ्यांसकट तोडून पुरली तर बराच खर्च वाचतो.

सरकारी मदतीची अट 2015 साली 50 टक्के नुकसानीवरून 33 टक्क्यांवर आली. पण टक्का ठरवणार कोण, आणि कशावरून? पंचनाम्यात पिकाची अवस्था लिहायला लावा: कळी, फुलोरा की दाणे भरणे. वरची पाने किती उरली तेही लिहायला लावा. पोचट दाणा त्या दिवशी दिसत नाही, म्हणून दाणे भरायच्या वेळी फेरपाहणीचा अर्ज तहसीलला द्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.