एका शिक्षकामागे किती मुले? सरासरी का फसवते

शिक्षण हक्क कायदा (२००९) प्राथमिक शाळेतील शिक्षकसंख्या पटावरून ठरवतो. ६० पटापर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० साठी ३. पट २०० च्या वर गेला, की मुख्याध्यापक वगळून एका शिक्षकामागे ४० पर्यंत मुले चालतात.

समजा, डोंगरातल्या वाडीवरील शाळेचा पट १६. म्हणजे शिक्षकामागे ८ मुले. पण पहिली ते चौथीचे वर्ग दोघांतच. एक जण प्रशिक्षणाला गेला, की चारही वर्ग एकावर. शहरालगतच्या ३२० पटाच्या शाळेत ८ शिक्षक. तिथे प्रत्येक तुकडीला स्वतंत्र शिक्षक, पण समोर ४० मुले.

दोन्ही शाळांची एकत्र सरासरी येते सुमारे ३४. त्यात ना वाडीची ओढाताण दिसते, ना शहरातली गर्दी. त्यामुळे जिल्ह्याची आकडेवारी वाचताना दोन गोष्टी पाहाव्यात: तुकडीत मुले किती आणि एका शिक्षकाकडे इयत्ता किती.