माझे मत : डोंगर नेहमी हिरवाच का?

मे महिन्याच्या सुट्टीत मी आसनगावला मामाकडे गेले होते. तिथून माहुली किल्ला दिसतो. त्याच्या सुळक्यांना नवरा, नवरी, भटोबा म्हणतात. मी रुमालावर तोच देखावा भरला. सुळके साखळी टाक्याने, गवत धावदोऱ्याने, सगळे तपकिरी. मैत्रिणी हसल्या, "डोंगर हिरवाच काढतात गं!"

मला हे पटत नाही. मे महिन्यात तिथे गवत वाळलेले असते. जवळच १८९२ साली बांधलेला तानसा तलाव आहे. त्याचे पाणी मुंबईला जाते. मामी मात्र हंडा घेऊन लांबच्या विहिरीवर जाते. तो हंडा मी पिवळ्या दोऱ्याने भरला. डोंगर हिरवा केला असता, तर मामी एवढी का चालते ते कुणाला कळले असते? म्हणून जे पाहिले तेच भरावे.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी